तेलाचा थेंब रक्तापर्यंत पोचतो कसा?

सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे नळ्या गरागरा फिरवून रक्ताचे थर वेगळे करणाऱ्या यंत्रातून, काढलेली रक्ताची नळी उजेडासमोर धरली की तळाशी गडद लाल थर दिसतो आणि वर फिकट पिवळा, स्वच्छ द्रव. नळीमागे छापील कागद धरला तर त्यावरची अक्षरं त्या द्रवातून वाचता येतात. लॅबमध्ये नव्यानं रुजू झाले होते तेव्हा एके दिवशी हा वरचा भाग चक्क दुधासारखा पांढरा निघाला. मी घाबरले. आपल्या हातून नमुना खराब झाला असंच वाटलं. शेजारच्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी नळीकडे एकदा पाहिलं आणि एवढंच विचारलं, "पेशंट जेवून आलेत का?" चौकशी केली तर खरंच, तीन तासांपूर्वी पोटभर तेलकट जेवण झालेलं होतं.

नळीतला तो पांढरेपणा म्हणजे त्या जेवणातलं तेलच होतं, शब्दशः. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घर करून बसला. तेल पाण्यात मिसळत नाही हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. रक्त म्हणजे बहुतांशी पाणी. पोटातले पाचकरस म्हणजेही बहुतांशी पाणीच. मग खाल्लेलं तेल त्या पाण्यातून वाट काढत आतड्याच्या भिंतीपलीकडे जातं कसं, आणि रक्तात पोचल्यावर त्याचा वर तवंग का येत नाही?

साखर, मीठ, प्रथिनांचे तुकडे यांची पाण्याशी मैत्री असते. ते विरघळतात, पाण्याबरोबर वाहत जातात. स्निग्ध पदार्थांचं तसं नाही. त्यांचं पचन करणारी रसायनं, म्हणजे एन्झाइम, पाण्यात वावरतात आणि तेलाच्या थेंबाच्या आत त्यांना शिरता येत नाही. जे काही कातरायचं ते थेंबाच्या पृष्ठभागावरच. म्हणून थेंब मोठा असेल तर काम रेंगाळतं. 1 मिलिमीटर व्यासाचा एक थेंब फोडून त्याचे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे बारीक थेंब केले, तर तेल तेवढंच राहतं पण पृष्ठभाग 1000 पट होतो. स्निग्ध पदार्थांच्या पचनाची निम्मी कथा या एका हिशेबात आहे.

फोडाफोडीला सुरुवात जठरात होते. जठर अन्न घुसळतं, तेलाचे थेंब लहान होतात, आणि जठरातलं एक लायपेज, म्हणजे चरबी कातरणारं एन्झाइम, थोडंफार कामही उरकतं. पण खरं काम लहान आतड्यात आहे. जठराच्या खालच्या तोंडाशी असलेली झडप पातळ झालेलं अन्न थोडं थोडं करून पुढे सोडते. ते येतं ड्युओडेनममध्ये, लहान आतड्याच्या पहिल्या 25 सेंटीमीटरांत. लॅटिनमधल्या या नावामागे बारा हा आकडा आहे. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी ही लांबी बारा बोटांच्या रुंदीइतकी भरते म्हणून ते दिलं.

आतड्याचं अस्तर हे नुसतं शोषून घेणारं फडकं नाही, त्याला चव कळते असं म्हटलं तरी चालेल. आम्ल आलं की ते सिक्रेटिन नावाचा संप्रेरक सोडतं आणि स्वादुपिंड सोड्यासारखा अल्कधर्मी रस पाठवून आम्ल मारतं. स्निग्ध पदार्थ आले की कोलेसिस्टोकायनिन हा दुसरा संप्रेरक सुटतो. त्यानं पित्ताशय आकुंचन पावतं, स्वादुपिंड एन्झाइमं ओततं आणि जठराला निरोप जातो, जरा दमानं. तेलकट जेवणानंतर पोट बराच वेळ जड वाटतं ते त्यामुळेच. पित्ताशयात खडे असलेल्यांना नेमकं अशा जेवणानंतर दुखतं, त्याचंही हेच कारण: पित्ताशय जोरानं आवळलं जातं आणि खडा वाटेत अडकतो. सिक्रेटिनचा शोध 1902 साली विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी लंडनमध्ये लावला. त्यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याकडे जाणारे मज्जातंतू तोडले आणि त्यात आम्ल सोडलं. तरीही स्वादुपिंडातून रस वाहू लागला, म्हणजे निरोप रक्तातून गेला होता. अशा निरोप्यांसाठी 'हॉर्मोन' हा शब्द स्टार्लिंग यांनी 1905 मध्ये वापरला. हॉर्मोन म्हटलं की आपल्याला थायरॉइड आठवतं, इन्सुलिन आठवतं. पण ही सारी कल्पना आतड्यातून निघाली आहे, आणि आतड्याला त्याचं श्रेय फारसं कुणी देत नाही याची मला हळहळ वाटते.

आता पित्त. पित्तात चरबी पचवणारं एन्झाइम नसतं, तरी त्याच्यावाचून पचन अडतं. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्तक्षार बनवतं. या पित्तक्षारांच्या रेणूची एक बाजू पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरी तेलाकडे. ओशट भांड्यावर साबण हेच करतो. नुसत्या पाण्याखाली भांडं कितीही धरा, तेल चिकटूनच राहतं. साबणाचा हात फिरवला की तेलाचे बारीक कण सुटे होऊन पाण्याबरोबर जातात. पित्तक्षार थेंबाभोवती बसतात, आतड्याच्या हालचालींनी थेंब फुटत राहतात, आणि फुटलेले थेंब पुन्हा एकत्र येऊ शकत नाहीत.

इथे एक पेच आहे, आणि मला तो या सगळ्या गोष्टीतला सर्वांत देखणा भाग वाटतो. पित्तक्षार थेंबाचा पृष्ठभाग व्यापून टाकतात. मग लायपेज बसणार कुठे? प्रयोगनळीत फक्त तेल, पित्तक्षार आणि स्वादुपिंडाचं लायपेज एकत्र केलं, तर पित्तक्षार लायपेजला पृष्ठभागावरून हुसकावून लावतात आणि काम जवळपास थांबतं. ज्यानं थेंब फोडायला मदत केली, तोच वाटेत आडवा येतो. शरीरानं यावर उपाय ठेवला आहे तो एका छोट्या प्रथिनाचा. त्याचं नाव कोलायपेज. स्वादुपिंड लायपेजसोबत तेही पाठवतं. कोलायपेज एका हातानं पित्तक्षारांनी वेढलेला थेंब धरतं आणि दुसऱ्या हातानं लायपेजला, नांगर टाकून नाव जागच्या जागी धरावी तसं. मग कातरकाम सुरू.

कातरायचं काय असतं? आपण खातो त्या तेलाचा किंवा चरबीचा बहुतेक भाग ट्रायग्लिसराइड या रूपात असतो: ग्लिसरॉलचा एक लहानसा कणा आणि त्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या. लायपेज कडेच्या दोन शेपट्या तोडतं. मधली तशीच राहते. त्यामुळे हाती लागतात दोन सुटी मेदाम्लं आणि एक शेपटी उरलेलं मोनोग्लिसराइड.

हे काम मुख्यतः स्वादुपिंडाचं आहे, पित्ताचं एकट्याचं नाही, हे कळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. फ्रान्समधले क्लोद बर्नार्ड सशांचं विच्छेदन करत होते. माणसात पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची मुख्य नलिका ड्युओडेनममध्ये एकाच जागी उघडतात. सशात मात्र स्वादुपिंडाची नलिका पित्तनलिकेच्या बरीच खाली उघडते. चरबी खाल्लेल्या सशाच्या आतड्यातून निघणाऱ्या बारीक वाहिन्या दुधाळ झालेल्या त्यांना दिसल्या, पण पित्त मिसळतं तिथून नव्हे. स्वादुपिंडाचा रस मिसळतो त्याच्या खालून. वरच्या भागात पित्त होतं, चरबी होती, आणि वाहिन्या स्वच्छ होत्या. निसर्गानं आयता प्रयोग मांडून ठेवला होता, तो वाचणारा डोळा बर्नार्ड यांच्यापाशी होता.

कातरून झालेले तुकडेही पाण्याला फारसे मानवत नाहीत. शिवाय आतड्याच्या भिंतीला लागून पाण्याचा एक पातळ थर असतो, तो फारसा हलत नाही. मध्यभागी कितीही घुसळण चालू असली तरी हा थर संथ. तेलाला तो ओलांडायचा असतो. पुन्हा पित्तक्षारच धावून येतात. ते एकत्र येऊन मायसेल नावाचे सूक्ष्म गोळे करतात, बाहेरच्या बाजूला पाणी मानवणारी तोंडं आणि आत तेलकट पोकळी. व्यास अवघा काही नॅनोमीटर. 1 मिलिमीटरात 10 लाख नॅनोमीटर असतात. या पोकळीत मेदाम्लं, मोनोग्लिसराइडं, कोलेस्टेरॉल आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं बसतात. ही चार जीवनसत्त्वं स्निग्ध पदार्थांबरोबर खावीत असं सांगतात, कारण त्यांना वेगळं वाहन नाही. मायसेल स्वतः मात्र पेशीत जात नाही. भिंतीपाशी माल उतरवतो आणि पुढची खेप आणायला मोकळा होतो.

ही भिंत डोळ्यासमोर आणणं गरजेचं आहे. लहान आतडं मोजण्याच्या पद्धतीनुसार 3 ते 6 मीटर लांब भरतं, आणि रुंदीला साधारण अडीच सेंटीमीटर. आतून ते गुळगुळीत नाही. आधी आडव्या घड्या, घड्यांवर व्हिलाय म्हणजे अर्धा ते एक मिलिमीटर उंचीची बोटं, दाट, मखमलीच्या लवेसारखी. प्रत्येक बोटावर पेशींचा एकच थर, आणि प्रत्येक पेशीच्या माथ्यावर मायक्रोव्हिलायचा, म्हणजे आणखी सूक्ष्म बोटांचा, ब्रश. या सगळ्यामुळे शोषणाचं क्षेत्र टेनिस कोर्टाएवढं होतं असं पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं गेलं, अजूनही छापलं जातं. 2014 मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी ते नव्यानं मोजलं तेव्हा सुमारे 30 चौरस मीटर भरलं. टेनिस कोर्टाच्या मानानं लहान, पण पोटात घडी करून ठेवलेल्या एका नळीसाठी हेही काही कमी नाही. आणि हा पेशींचा थर दर तीन ते पाच दिवसांनी संपूर्ण बदलतो. बोटाच्या बुडाशी नवी पेशी जन्मते, हळूहळू वर सरकते, टोकाशी पोचून गळून पडते. गेल्या आठवड्यातलं जेवण ज्यांनी शोषलं, त्या पेशी आज तुमच्या आतड्यात नाहीत.

पेशीत शिरल्यावर जे घडतं ते ऐकून पहिल्यांदा मला पटलंच नव्हतं. इतक्या खटाटोपानं तोडलेलं ट्रायग्लिसराइड पेशी पुन्हा जोडते! दोन मेदाम्लं परत मोनोग्लिसराइडला लावते आणि होतं तसं करून ठेवते. मग तोडलं कशाला? कारण अख्खं ट्रायग्लिसराइड पेशीच्या आवरणातून आत जाऊ शकत नाही, तुकडे जातात. आणि आत तसेच सुटे ठेवले तर मेदाम्लं साबणासारखी वागून पेशीलाच इजा करतील. दारातून न जाणारं कपाट सुटं करून आत न्यावं आणि खोलीत परत जोडावं, तसलाच प्रकार. शिवाय तुकडे आत जोडले जात राहिले की आत सुटे तुकडे कमी राहतात, त्यामुळे बाहेरचे आत येत राहतात.

जोडलेलं तेल पेशी मोकळं सोडत नाही. त्याचा गोळा करून त्यावर फॉस्फोलिपिडचं, म्हणजे पाणी आणि तेल दोन्ही मानवणाऱ्या रेणूंचं, पातळ आवरण चढवते आणि भोवती एक मोठं प्रथिन गुंडाळते. हा गोळा म्हणजे कायलोमायक्रॉन. या प्रथिनाची गंमत सांगायलाच हवी. यकृतही अशा कामासाठी एक प्रथिन बनवतं आणि दोघांचा जीन एकच आहे. आतड्याच्या पेशीत मात्र जीनच्या आरएनए नकलेतलं एकच अक्षर बदललं जातं, त्या ठिकाणी 'थांबा' अशी खूण तयार होते, आणि प्रथिन मध्येच तुटतं, यकृतातल्या प्रथिनाच्या 48 टक्के लांबीवर. म्हणून त्याचं नाव एपोबी-48 आणि यकृतातल्याचं एपोबी-100.

कायलोमायक्रॉन इतका मोठा असतो की रक्ताच्या केशवाहिनीच्या भिंतीतून तो जात नाही. व्हिलायच्या बोटाच्या गाभ्यात रक्तवाहिन्यांसोबत एक लसीकावाहिनी, म्हणजे पेशींभोवतालचा जादा द्रव वाहून नेणारी नळी, असते. तिची भिंत सैल असते. तो तिच्यात शिरतो. इथूनच स्निग्ध पदार्थांची वाट बाकीच्या अन्नापासून फुटते. साखर आणि प्रथिनांचे तुकडे आतड्यातून थेट यकृताकडे जातात. तेल यकृताला वळसा घालतं. लसीकावाहिन्या एकत्र येत छातीतल्या मोठ्या वाहिनीला मिळतात आणि ती मानेच्या डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडामागे, शिरेत रिकामी होते. पोटात खाल्लेलं तेल रक्ताला भेटतं ते मानेपाशी.

या वाहिन्या पहिल्यांदा डोळ्याला पडल्या त्या योगायोगानं. 1622 साली इटलीत गास्पारे असेली हे शल्यविशारद नुकत्याच खाऊन झालेल्या एका कुत्र्याचं विच्छेदन करत होते. आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यावर त्यांना पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं दिसलं. मज्जातंतू असावेत असं वाटून त्यांनी एक दोरा छेदला, तर आतून दुधासारखा द्रव आला. पुढे उपाशी कुत्र्यात पाहिलं तेव्हा हे दोरे दिसेनात. त्या वाहिन्या यकृताकडे जातात असा असेलींचा समज होता. त्या छातीतून वर चढून मानेपाशी शिरेला मिळतात हे फ्रान्सच्या झाँ पेके यांनी 1651 मध्ये प्रसिद्ध केलं. लॅबमधली आमची पांढरी नळी आणि असेलींचा पांढरा दोरा, दोन्हींत तेच कायलोमायक्रॉन.

रक्तात आल्यावर स्नायू आणि चरबीच्या पेशींजवळच्या केशवाहिन्यांच्या भिंतींवर आणखी एक लायपेज त्यांची वाट पाहत असतं. ते पुन्हा शेपट्या कातरतं, पेशी हवं ते घेतात, उरलेला रिकामा गोळा यकृत उचलतं. जेवणानंतर तीन-चार तासांच्या सुमारास रक्तातलं हे तेल सर्वांत जास्त असतं, पुढे ओसरतं. आमच्या त्या पेशंटना दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी बोलावलं, तेव्हा नळीतून अक्षरं वाचता येत होती.

सगळीच मेदाम्लं हा लांबचा फेरा मारत नाहीत. 8 ते 10 कार्बनच्या आखूड शेपट्या पाण्याला बऱ्यापैकी मानवतात. त्या रक्तातून थेट यकृतात जातात. लसीकावाहिनी फुटून छातीत दुधाळ द्रव साठणाऱ्या रुग्णांना म्हणूनच अशा मेदाम्लांचं खास तेल देतात. फुटलेल्या वाहिनीवरचा भार त्यानं कमी होतो.

बाकीच्या पोषकद्रव्यांचं थोडक्यात. पिष्टमय पदार्थांची शेवटची कातरणी मायक्रोव्हिलायच्या ब्रशवरच होते. दुधातली साखर तोडणारं लॅक्टेज तिथंच असतं. ग्लुकोज पेशीत शिरतं ते सोडियमचा हात धरून. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडली, आणि जुलाबात साखर-मिठाचं पाणी जीव का वाचवतं याचं उत्तर तिच्यात आहे: साखर आणि मीठ एकत्र आत जातात, मागोमाग पाणी जातं. प्रथिनांचे दोन-तीन दुव्यांचे तुकडेही आत घेतले जातात, अगदी सुटे दुवे करण्याची गरज नसते. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, बी-12 जीवनसत्त्व अगदी शेवटच्या. पाण्याचं म्हणाल तर पिण्यातलं आणि पाचकरसांचं मिळून दिवसाला 8 ते 9 लिटर लहान आतड्यात येतं, आणि त्यातलं बहुतेक तिथंच परत घेतलं जातं.

शेवटच्या भागाचं आणखी एक मोलाचं काम आहे. तेल उतरवून रिकामे झालेले पित्तक्षार इथे सुमारे 95 टक्के परत शोषले जातात आणि यकृताकडे जातात. शरीरात यांचा साठा जेमतेम काही ग्रॅम. तोच दिवसातून अनेकदा फिरतो. काही आजारांत आतड्याचं हे टोक कापून काढावं लागतं. मग पित्तक्षार पुढे मोठ्या आतड्यात सांडतात, तिथे जुलाब घडवतात, यकृताला तूट भरून काढता आली नाही तर तेलाचं पचनही ढासळतं, आणि बी-12 इंजेक्शनानं द्यायची वेळ येते. उलट पित्ताशय काढलेल्या माणसांचं बहुधा ठीक चालतं. पित्त यकृतात बनतं. पित्ताशय ही फक्त साठवणीची पिशवी. ती गेली की पित्त थेंब थेंब सतत आतड्यात येत राहतं.

निरोगी आतडं खाल्लेल्या स्निग्ध पदार्थांपैकी 95 टक्क्यांच्या आसपास शोषून घेतं. हे बिघडलं तर शौचावर दिसतं: फिकट, ओशट, उग्र वासाचं, पाण्यानं सहज न जाणारं. एखाद्या दिवशी असं झालं तर घाबरायला नको. पण आठवडेच्या आठवडे असं चालू असेल आणि वजनही घटत असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. कारण सिलिअॅक आजाराचं असू शकतं, त्यात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे व्हिलाय झिजून सपाट होतात, किंवा स्वादुपिंडाचं. स्वादुपिंडाच्या बाबतीत तक्रार फार उशिरा समोर येते, कारण एन्झाइमं बनवण्याच्या त्याच्या क्षमतेपैकी 90 टक्क्यांच्या आसपास नष्ट झाल्यावरच तेल बाहेर पडू लागतं. तोवर उरलेला एक हिस्सा सगळं रेटून नेतो.

अशा रुग्णांना एन्झाइमच्या कॅप्सूल देतात. जठरातल्या आम्लानं आतलं औषध मरू नये म्हणून त्यातल्या दाण्यांवर लेप असतो. या कॅप्सूल घ्यायच्या कधी, यात फार गफलत होते. रिपोर्ट घ्यायला आलेले एक आजोबा मला सांगत होते, "गोळ्या नेमानं घेतो, जेवणानंतर तासाभरानं, तरी फरक नाही." तोवर त्यांचं अन्न बरंच पुढे गेलेलं असायचं आणि एन्झाइम मागे एकटं पडायचं. त्यांना त्याच दुपारी डॉक्टरांकडे परत पाठवलं. आता पहिल्या घासाबरोबर एक आणि जेवणाच्या मध्यावर एक, असं ताटाशेजारी मांडून ठेवतात.